घरात भरलेली शाळा आणि ती मोडल्यानंतर

हे प्रकरण मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवणाऱ्या एका कुटुंबाचं आहे. आई, बाबा, आजी, साडेसहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. मुलीला मी थोरली म्हणणार आहे आणि मुलाला धाकटा. मी १५ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, नंतर शाळा सोडली आणि आता पालकांबरोबर काम करते. या घरी माझं पावणेदोन वर्षं जाणं-येणं होतं. लिहिलेलं आधी आईला वाचायला दिलं. दोन ठिकाणी खूण करून तिने लिहिलं, ‘ताई, मी एवढी वाईट नव्हते.’ त्यातलं एक ठिकाण मी बदललं.

सांगितलेलं कारण

मुलीला शाळेतून का काढलं, असं कुणी विचारलं की आईबाबांचं उत्तर तयार असायचं: ती वर्गाच्या पुढे आहे, तिला कंटाळा येतो. पहिल्या भेटीत मीही ते ऐकून घेतलं. दुसऱ्या भेटीत आई चहा ठेवायला उठली आणि आजी हळूच म्हणाल्या, “पुढे कसली हो? रोज सकाळी पोट धरून बसायची.” पोटदुखी सुट्टीच्या दिवशी नसायची. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. वर्गात ती हळूहळू बोलेनाशी झाली होती आणि वर्गशिक्षिकेने तसं दोनदा कळवलंही होतं.

हे नोंदवायचं कारण एवढंच, की आपण जे कारण मानतो त्यावर घरातली पुढची मांडणी ठरते. ‘ती पुढे आहे’ असं धरल्यामुळे आईने वरच्या इयत्तेची पुस्तकं आणली. ‘ती घाबरली आहे’ असं धरलं असतं तर पुढचे तीन महिने वेगळे गेले असते. पोरीला मोठं ठरवणं आईबाबांना सोपं गेलं, घाबरलेली म्हणणं जड गेलं. मी स्वतः आई आहे, मला ते समजतं.

आई हिशेबनिसाचं काम करायची. तिने नोकरी सोडली. त्यावर घरात चर्चा अशी झालीच नाही. बाबांचा पगार जास्त होता, त्यामुळे कोण घरी थांबणार हे न बोलताच ठरलं.

बाबांना वेगळीच काळजी होती: “आपल्याला कोणी नोटीस पाठवेल का?” याचं उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. घरी शिकवू पाहणाऱ्या एका जर्मन जोडप्याचा अर्ज युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली सुनावणीला घेण्याजोगाही मानला नाही. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवलं तरी चालायचं, २०२२ च्या शालेय वर्षापासून आधी परवानगी घ्यावी लागते. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यात मुलाला शिक्षण मिळालं पाहिजे, ‘शाळेत नियमित जाऊन किंवा अन्यथा’ असे शब्द आहेत आणि त्या ‘अन्यथा’वर तिथल्या हजारो घरांचं शिक्षण उभं आहे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत मुभा आहे, पण टेक्सासमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही आणि न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. भारतातला २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घालणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा सांगितलेली नाही. बाबांना मी एवढंच म्हटलं, की आपल्याला कोणतं कलम लागू पडतं ते एकदा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि कायदा काहीही असो, तारखा घालून एक वही ठेवा. उद्या मुलीला शाळेत परत जावंसं वाटलं तर ती वही कामाला येते.

‘टीचर, आई किती वाजता येते?’

पहिले तीन महिने त्यांनी बाहेरच्या खोलीत शाळा भरवली. पांढरा फळा आला, वेळापत्रक लागलं. सकाळी ९ ते दुपारी दीड, चाळीस मिनिटांचे सहा तास, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. तास संपला की मोबाइलवर घंटा वाजायची. या वेळात आईला ‘टीचर’ म्हणायचं, असा नियम होता. यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळे शाळेत शिकलो, शिकणं म्हणजे कसं दिसतं याचं दुसरं चित्र आपल्यापाशी नसतं. घरी शिकवायला घेतलेल्या बहुतेक घरांत मी आधी फळाच पाहिला आहे.

दुसऱ्या महिन्यात थोरली वाचायला नको म्हणू लागली. तिसऱ्या महिन्यात पुस्तक उघडलं की पोट दुखायला लागलं. आणि एक दिवस साडेअकराच्या सुमाराला, फळ्याकडे बघत, अगदी सरळ आवाजात तिने विचारलं, “टीचर, आई किती वाजता येते?”

आईला आधी हसू आलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून रडली. त्याच दुपारी मला फोन आला.

एका आठवड्याची नोंद

मी लगेच काही बदलू नका म्हटलं. एक आठवडा जसं चाललंय तसं चालू द्या, फक्त लिहून ठेवा. दोन रकाने. पहिल्यात थोरली प्रत्यक्ष काय करत होती, दर दहा मिनिटांनी. दुसऱ्यात आईने त्या दिवशी स्वतःसाठी काय केलं.

आई हिशेबाच्या कामातली, नोंद चोख ठेवली. साडेचार तासांपैकी मुलगी खरोखर काही शिकत होती असा वेळ रोज पन्नास ते सत्तर मिनिटं निघाला. बाकीचा वेळ ‘नीट बस’ म्हणण्यात, पेन्सिल शोधण्यात, धाकट्याला टेबलावरून उतरवण्यात आणि ‘हे शेवटचं’ असं पाच-सहा वेळा म्हणण्यात गेला होता. दुसरा रकाना सातपैकी पाच दिवस कोरा होता. उरलेल्या दोन दिवशी एकच शब्द होता: ‘अंघोळ’.

पहिल्या रकान्याने आई खचली. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांचा तास असला आणि प्रत्येकाला मोठ्याने वाचायला द्यायचं म्हटलं, तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. शाळेचा दिवस लांब असतो तो चाळीस जणांमुळे. एका मुलाबरोबर एक मोठं माणूस बसलं की तेच काम तासा-दीड तासात होतं आणि त्याहून जास्त वेळ दोघांनाही झेपत नाही. शाळेतल्या बाईंना निदान फळ्याकडे तोंड करून उभं राहता येतं. घरी समोरासमोर बसल्यावर तेवढीही सुटका नसते.

मला धक्का बसला तो दुसऱ्या रकान्याचा. घरी शिकवण्याबद्दल लोक विचारतात ते मुलाचं काय होईल असं. माझ्या अनुभवात हा बेत मोडतो तो बहुतेक वेळा मोठ्या माणसाचा दिवस मोडल्यामुळे. मुलाचं कोडं सुटू शकतं, थकलेल्या आईला मात्र ते सोडवायला उसंतच नसते.

सहा आठवडे काहीच नाही

फळा उतरवला. घंटा बंद केली. सहा आठवडे अभ्यास हा शब्दच घरात काढायचा नाही, असं ठरलं. घरी शिकवणाऱ्यांत याला डीस्कूलिंग म्हणतात. शाळेची सवय उतरायला दिलेला वेळ. ही सवय मुलापेक्षा पालकांची जास्त असते, हे त्या शब्दात दिसत नाही.

आईने इंटरनेटवर जॉन होल्ट यांच्याबद्दल वाचलं होतं. हे अमेरिकेतले शिक्षक. वर्गात मुलं चुकण्याच्या भीतीने कशी गप्प होतात हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं, शाळा सुधारण्याची आशा सोडली आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढलं. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. मूल स्वतःच्या ओढीने शिकतं, आपण आड येऊ नये, असा त्यांचा रोख. आईला वाटलं, आता कधीच काही शिकवायचं नाही. मी तिथवर जायला तयार नव्हते. गप्प झालेल्या मुलाबद्दल होल्ट जे सांगतात ते मला शंभर टक्के पटतं. पण लिपी ही ओढीने आपोआप येणारी गोष्ट नाही, बहुतेक मुलांना ती कुणीतरी दाखवावी लागते.

आजींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. “शेजारच्या पोराचे दहापर्यंत पाढे झाले, आणि ही गाद्या ओढत बसलीय.” बाबाही अस्वस्थ होते. त्यांना मी फिनलंडचं उदाहरण दिलं. तिथे पहिलीचा वर्ग ज्या वर्षी मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होतो. त्याआधीचं एक पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून तिथेही सक्तीचं आहे, हेही मी सांगितलं. बाबांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. पण त्यामुळे ते सहा आठवडे शांत राहिले, म्हणून मीही पुन्हा आठवण करून दिली नाही.

तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन: थोरली दिवसभर टेबलाखाली चादर लावून बसते. म्हटलं, बसू दे. पाचव्या आठवड्यात तिने कागद मागितला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि चादरीला टाचलं. ‘आत येउ नये.’ शाळेतून काढल्यापासून आपण होऊन लिहिलेलं हे पहिलं वाक्य. आईने मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, ‘येऊ’ दीर्घ असतं ना, सांगू का तिला? मी लिहिलं, पाटीवर काय म्हटलंय ते पाळा आणि आत जाऊ नका.

दीड तासाची घडी

सातव्या आठवड्यापासून रोज तीन बैठका ठरवल्या, वीस-वीस मिनिटांच्या. त्याशिवाय अर्धा तास कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. वीस मिनिटांचा आकडा मी शार्लट मेसन यांच्याकडून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या या शिक्षिकेचा आग्रह होता, की लहान मुलांचा धडा आखूड असावा आणि लक्ष उडायच्या आत थांबावं. त्यांचीच दुसरी युक्ती जास्त उपयोगी पडली. गोष्ट एकदाच वाचायची आणि मग मुलाने ती आपल्या शब्दांत सांगायची. मध्ये प्रश्न नाहीत, दुरुस्त्या नाहीत.

या सांगण्यातून प्रकरणाचा खरा गुंता समोर आला. ऐकलेली गोष्ट थोरली दहा-दहा मिनिटं रंगवून सांगायची, पात्रांचे आवाज काढून, एकही धागा न सोडता. तीच मुलगी स्वतः वाचायला बसली की चार ओळींत अडायची. मी शेजारी बसून ऐकलं तेव्हा कळलं, की ती वाचतच नव्हती. पहिलं अक्षर आणि चित्र बघून शब्द ठोकून देत होती. ‘कमळ’ असेल तिथे ‘कमल’ चालून जायचं, पण ‘कप्पा’ला ‘कपाट’ म्हटलं की अर्थ बिघडायचा. स्मरणशक्ती तल्लख असलेली मुलं पहिलीचं पुस्तक अशी पाठ करून टाकतात. त्यावरूनच ती ‘पुढे’ दिसत होती. वरच्या इयत्तेचं पुस्तक हातात आल्यावर तिचं सोंग उघडं पडायला लागलं आणि पोट पुन्हा दुखायला लागलं.

मग आम्ही मागे गेलो. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथल्या साधनांतली खरखरीत कागदाची अक्षरं आजही जगभर वापरतात. मूल बोटाने अक्षर गिरवतं आणि त्याच वेळी तोंडाने उच्चार करतं. बाबांनी पॉलिश पेपर कापून ती घरी केली. देवनागरीची एक गंमत तिथेच लक्षात आली. ‘कि’ वाचताना ती ‘इक’ म्हणायची, कारण वेलांटी कागदावर आधी येते आणि तोंडात नंतर. मोठ्यांना हे कधी खटकतच नाही. ‘र’चं तर विचारूच नका: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी आणि ‘सुऱ्या’त आणखी वेगळाच. या चारही ‘र’ना तिने नावं ठेवली. डोक्यावरच्याला ती टोपीवाला म्हणायची.

मी आईला मुदत घालून दिली होती: तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्यायची. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण घरी शेजारच्या बाकावर कुणी नसतं. त्यामुळे मूल कुणापुढे कमी ठरत नाही, हे सुख आहे. पण त्याचमुळे मूल मागे पडत असेल तर तेही दिसत नाही. ‘तिच्या गतीने होईल’ हे वाक्य फार गोड आहे. त्याच्या आड ऐकण्याची, डोळ्यांची किंवा डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-अक्षमतेची, अडचण दोन-दोन वर्षं लपून राहू शकते. थोरलीच्या बाबतीत अडीच महिन्यांत जोडाक्षरं सुटायला लागली आणि तपासणीची वेळ आली नाही. सातव्या महिन्यात ती धाकट्याला वाचून दाखवत होती. अडखळत, पण न ठोकता.

गणितात तिची अडचण वेगळी होती. पंचवीस लिही म्हटलं की ५२. इथे मुलीची चूक थोडी आणि भाषेची जास्त. आपण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलट. जर्मन बोलणारी मुलंही याच ठिकाणी अडतात, त्यांच्याकडेही एकक आधी उच्चारतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी सुटसुटीत पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. मला त्या बदलात काही गैर वाटलं नव्हतं, निदान पायरी म्हणून. आम्ही घरी तेच केलं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, बाजूला सुट्ट्या काड्या, आणि तोंडाने दोन्ही नावं: वीस पाच, पंचवीस. आजींनी कपाळाला हात लावला. पण गठ्ठे बांधायला रबरं त्यांनीच शोधून दिली.

भांडायला कुणीतरी हवं

‘मुलं चारचौघांत मिसळणार कशी?’ हा प्रश्न या कुटुंबाला जेवढ्या लोकांनी विचारला तेवढ्यांनी अभ्यासाबद्दलही विचारला नसेल. आईने आधी यावर शिबिरं आणि वर्ग असा उपाय केला: एक दिवस चित्रकला, एक दिवस पोहणं. मुलं भेटायची, पण दर ठिकाणी वेगळी आणि सतत कुणाच्या तरी नजरेखाली.

शाळेत मूल जे शिकतं आणि घरी सहज मिळत नाही, ते म्हणजे ज्याच्याशी काल भांडण झालं त्याच्याच शेजारी आज पुन्हा बसणं. वर्गाला मोठं माणूस असतं, पण मधल्या सुट्टीतलं भांडण मुलांचं मुलांनाच मिटवावं लागतं. थोरलीला नेमकं हेच जमत नव्हतं. घरी आणल्याने ते जमायला लागणार नव्हतं, फक्त टळणार होतं. मी हे बोलले तेव्हा आई दुखावली. वर ज्या दोन जागांबद्दल लिहिलं, त्यातली न बदललेली ती ही.

शेवटी शेजारच्या इमारतीतल्या दोन मुली रोज संध्याकाळी यायला लागल्या. त्याच दोघी, रोज. पहिल्या महिन्यात थोरली चार वेळा रडत आत आली. चारही वेळा आईला बाहेर जाऊन न्यायनिवाडा करावासा वाटला आणि चारपैकी दोनदा तिने केलाही. नंतर कमी झालं. हा प्रश्न पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. मोठ्या घोळक्यात ती अजूनही कडेला उभी राहते.

धाकटा

या सगळ्यात धाकट्याकडे कुणी फारसं पाहिलं नव्हतं. दोन्ही मुलं घरीच शिकणार असं गृहीत होतं. साडेपाच वर्षांचा झाल्यावर तो रोज सकाळी खिडकीत उभा राहून शाळेच्या गाड्या मोजू लागला. मग एक दिवस पाठीला दप्तर अडकवून दाराशी येऊन थांबला. आईने मला विचारलं, “ताई, हा हट्ट म्हणू की ऐकू?”

त्याला माणसं लागतात, गोंगाट लागतो. बहिणीच्या शांत बैठकीत तो नुसता खोळंबा होता. सहावं वर्ष चालू असतानाच तो शाळेत गेला आणि पहिल्या दिवशी मागे वळूनही न पाहता आत पळाला. बाबांना हे विसंगत वाटलं: एक घरी, एक शाळेत, लोकांना काय सांगायचं? आजी म्हणाल्या, “सांगायचं कशाला? एकाला ताप आला म्हणून दोघांना औषध पाजता का?”

आता

थोरली आठ वर्षांची झाली आहे. वाचते भरपूर, लिहायचा कंटाळा आहे, वजाबाकीत हातचा घ्यायला अजून विसरते. वही नियमित ठेवली आहे: तारखा, फोटो, दर महिन्याला तिच्या वाचनाचं एक रेकॉर्डिंग. पुढच्या वर्षी शाळेत जायचं का, असं तिला दोनदा विचारलं. एकदा नाही म्हणाली, एकदा म्हणाली, “मधल्या सुट्टीपुरती गेले तर चालेल का?”

गणिताची बैठक आता संध्याकाळी बाबा घेतात. सुरुवातीला महिनाभर ती परीक्षेसारखी चालली होती, घड्याळ लावून. थोरलीनेच ते घड्याळ उचलून टेबलाखाली ठेवलं. आईने सकाळचं अर्धवेळ हिशेबाचं काम पुन्हा धरलं आहे, घरूनच. त्या वेळात खोलीचं दार बंद असतं आणि मुलीने आजींकडे जायचं असतं.

शेवटच्या भेटीत मी नोंदीची ती जुनी वही मागितली. दोन रकान्यांची सवय आईने सोडलेली नव्हती. पहिला रकाना आता आठवड्यातून दोनदाच भरलेला दिसला. दुसऱ्यात रोज काहीतरी होतं: ‘दोन तास काम’, ‘बहिणीला फोन’, ‘झोपले’. मी पानं उलटत असताना थोरली दारातून डोकावली आणि म्हणाली, “आई, तुझं दार उघडं आहे म्हणजे तू आत्ता आई आहेस ना?”